नव्वदच्या लयीतली मगर: एका रॅप-गाण्याचा आणि त्याच्या चित्रफितीचा प्रकरण अभ्यास

गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांचं आहे आणि ते म्हणते एक मगर. पुराच्या पाण्याबरोबर ती विश्वामित्री नदीतून बडोद्याच्या एका सोसायटीत शिरते, तळमजल्यावरच्या घरात तरंगणाऱ्या हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, पाटावर चढते आणि पाणी उतरेपर्यंत आपली बाजू मांडते. शब्द आणि आवाज माझ्या भाच्याचा. बीट, म्हणजे शब्दांखालचा ठेका आणि संगीत, त्याच्या गुजराती मित्राने बांधलं. चित्रफीत माझी: एक्स-रेच्या जुन्या फिल्म कापून केलेली मगर, पतंगाच्या कागदाचं पाणी, खालून उजेड, वरून फोन, आणि एकेक फोटो काढत केलेलं स्टॉप-मोशन.

गाणं मला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. पण लिहिण्यासारखं जे आहे ते मधल्या महिन्याभरात घडलं. पूर्ण झालेलं, मिक्स झालेलं गाणं आम्ही दोनदा मोडलं, आणि दोन्ही वेळा मोडायला लावलं ते चित्रांनी. गाणं आधी पुरं करायचं आणि मग त्याला चित्रं जोडायची, असंच आम्ही सुरुवातीला धरून चाललो होतो. तो हिशेब चुकीचा होता, असं माझं आता ठाम मत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात पूर आला. विश्वामित्रीची धोक्याची खूण २५ फुटांवर आहे. त्या आठवड्यात पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. नदीत मगरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, शहराच्या अगदी मधून त्या राहतात, आणि पाणी रस्त्यांवर आलं की त्याही रस्त्यांवर येतात. कारेलीबागेच्या बाजूला माझ्या बहिणीचं घर आहे. तिथे कमरेइतकं पाणी होतं. भाचा दोन दिवस वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होता आणि जिन्यातून खाली आपल्याच घरात बघत होता. त्याने पाहिलेली एक गोष्ट तो सारखी सांगायचा: हिंचक्याचा पाट पाण्यावर तरंगत होता, कड्या सैल पडल्या होत्या, आणि पाट आपला आपण हळूहळू फिरत होता. मगर काही त्याच्या घरात आली नाही. शेजारच्या गल्लीत आली होती, असं सगळे सांगत होते. पण पाट रिकामा आहे आणि कुणाची तरी वाट बघतोय, असं त्याला तेव्हा वाटलं. गाण्याचं बीज तेवढंच.

पाणी उतरल्यावर कपाटाच्या खालच्या फळीतून एक मोठं पिवळं पाकीट निघालं. त्यात भाच्याच्या आजोबांचे, म्हणजे बहिणीच्या सासऱ्यांचे, जुने एक्स-रे होते. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. जुन्या एक्स-रेची फिल्म म्हणजे प्लॅस्टिकचा पाया आणि त्यावर दोन्ही बाजूंनी जिलेटिनचा थर; चांदीच्या कणांनी उमटलेलं चित्र त्या जिलेटिनमध्ये असतं. जिलेटिन भिजलं की फुगतं आणि सुकताना आकसतं. गढूळ पाण्यात राहून, मग गच्चीवर उन्हात वाळून त्या फिल्मांवर बारीक जाळीदार सुरकुत्या पडल्या होत्या. बहीण टाकायलाच निघाली होती. मी एक खिडकीला धरून बघितली. छातीच्या फासळ्या, मधून पाठीचा कणा, आणि सगळ्यावर खवल्यांसारखी नक्षी. ती मगरीची पाठ होती. मला दुसरं काही दिसलंच नाही.

मेहुण्यांना विचारल्याशिवाय कात्री लावणं शक्य नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या आजारातले ते फोटो होते. मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ ती फिल्म हातात धरून बसले. मग म्हणाले, "ताई, नाव आणि तारीख असलेला कोपरा मला काढून द्या. बाकी तुम्ही घ्या." ते कोपरे मी पहिल्यांदा कापले आणि एका लिफाफ्यात घालून त्यांना दिले. कुणी घरच्या एक्स-रेंवर काम करणार असेल तर हे एवढं करावंच. तो माणसाच्या शरीराचा कागद असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये लोकांनी बंदी असलेलं संगीत टाकून दिलेल्या एक्स-रेवर कोरून तबकड्या केल्या होत्या आणि त्यांना बरगड्या म्हणत. मी हे सांगितलं तेव्हा भाच्याच्या मित्राचा चेहरा जो उजळला, तो मला आठवतो. आपण करतोय त्याला कुठेतरी नातं आहे, हे तरुणांना कळायला हवं असतं.

खऱ्या मगरीचं चित्रण का नाही, असं पुष्कळांनी विचारलं. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अशा संरक्षित प्राण्याला चिथावणं, आमिष दाखवणं, जवळ जाऊन त्याच्यावर दिवे मारणं हे आम्हाला करायचंच नव्हतं. शिवाय या गाण्याला खऱ्या मगरीची गरज नव्हती. आजोबांच्या फासळ्या घेऊन फिरणारी मगर जे सांगते ते नदीकाठी दुरून घेतलेलं कोणतंही चित्रण सांगू शकलं नसतं.

आता मोडतोडीकडे येते.

भाच्याने मला दिलेलं गाणं मिनिटाला ९४ ठोक्यांचं होतं. ७२ बार, चार-चार ठोक्यांचे: चार बारची सुरुवात, सोळाचा पहिला अंतरा, आठचं ध्रुवपद म्हणजे हुक, पुन्हा सोळा, पुन्हा हुक, आठचा पूल म्हणजे दोन हुकांना जोडणारा तुकडा, शेवटचा हुक आणि चारचा उतार. मी सेकंदाला १२ चित्रं या हिशेबाने कामाला लागले, कारण कापलेले आकार सरकवत फोनवर एकटीने करायच्या कामाला तो वेग पुरतो. नंतर प्रत्येक चित्र दोनदा दाखवलं की सेकंदाला २४ चित्रांचा व्हिडिओ तयार होतो. शोकेसच्या दाराची काच दोन स्टुलांवर, काचेवर बटर पेपर, खाली एलईडीचं पॅनल. खिडक्या बंद, काम रात्रीच, कारण दिवसाचा उजेड दोन फोटोंच्या मध्ये बदलतो आणि मग पडदा लुकलुकतो. फोनचं एक्स्पोजर आणि रंग कुलूपबंद, शटर १/५० वर; आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे साध्या एलईडीखाली तिच्याशी न जुळणारं शटर ठेवलं की चित्रावर पट्टे येऊ शकतात.

चार रात्री काम करून पहिला अंतरा जोडला आणि पाहिला. सुरुवातीला मगर ठेक्यावर चालत होती. आठव्या बारपर्यंत ती मागे पडली. सोळाव्याला तर गाणं पुढे निघून गेलं होतं आणि मगर एकटीच मागून येत होती. मला आधी वाटलं, हात चुकला. चुकलं होतं गणित. ९४ च्या लयीत एका ठोक्याला १२ च्या हिशेबाने ७.६६ चित्रं येतात. पाऊण चित्र काढता येत नाही, म्हणून मी सरळ आठ धरली होती. दर ठोक्याला एक तृतीयांश चित्राची उधारी, चार ठोक्यांच्या बारला सव्वाच्या वर, आणि सोळा बारनंतर पावणेदोन सेकंदांहून जास्त. रॅपमध्ये पावणेदोन सेकंद म्हणजे अर्ध्याहून जास्त ओळ.

यावर उपाय असतात. कधी सात, कधी आठ चित्रं घालून सरासरी सांभाळता येते, आणि कॉम्प्युटरवर काम करणारे ते सहज करतात. पण पायाचा प्रत्येक ठेका वेगळ्या लांबीचा झाला की मगरीची चाल लंगडी दिसते. मी भाच्याला म्हटलं, गाणं ९० वर आण. नव्वदला एका ठोक्याला नेमकी ८ चित्रं, बारला ३२, पूर्ण गाण्याला २३०४. तो म्हणाला, "मावशी, तू चित्रांसाठी माझं गाणं झोपवतेस." त्या रात्री तो रागावून गेला.

त्याचा राग खोटा नव्हता. रॅपरची लय म्हणजे त्याचा श्वास. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री कूल हर्क या डीजेने एका पार्टीत एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकडीयंत्रांवर लावून मधला ठेक्याचा तुकडा लांबवत नेला, तिथपासून ही कला ठेक्याच्या भोवती उभी आहे. शब्द नंतर त्यावर चढले. त्याला लय बदलायला सांगणं म्हणजे गायकाला पट्टी बदलायला सांगण्याहून मोठं आहे.

भाच्याचं मन वळवलं ते दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरातल्या हिंचक्याने. गाण्याच्या सुरुवातीला कड्यांची करकर हवी होती. बहिणीकडच्या हिंचक्याला नव्या कड्या आणि प्लॅस्टिकच्या चकत्या बसवल्यात, तो मुका झालाय. म्हणून माझ्याकडचा रेकॉर्ड केला होता, आणि मित्राने तो आवाज ९४ मध्ये बसवण्यासाठी कॉम्प्युटरवर आवळला होता. आवळल्यावर पितळेचा आवाज पाण्यात बुडवलेल्या पत्र्यासारखा झाला होता. मला पहिल्यापासून खटकत होतं, पण आवाज हे माझं क्षेत्र नव्हे म्हणून गप्प होते. आता आम्ही मूळ आवाज काढून मोजला. रिकाम्या हिंचक्याचा एक पूर्ण झोका २.६७ सेकंदांचा. नव्वदच्या लयीतला एक बार म्हणजे २.६७ सेकंदच. कुणी तो ठरवला नव्हता. माळ्याची तुळई बुटकी आहे, त्यामुळे कड्या सहा फुटांना थोड्या कमी आहेत, आणि लंबकाचा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो. आमच्या घराच्या छताची उंची त्या गाण्याची लय होती.

मित्र लगेच बसला आणि आवाज न आवळता तसाच ठेवून बीट पुन्हा बांधलं. भाच्याने सहज म्हणून एक ओळ त्यावर म्हटली आणि थांबला. "विश्वामित्री" हा शब्द ९४ वर त्याच्या जिभेवर दर वेळी अडखळायचा, त्याने तो दोन ठिकाणी काढूनही टाकला होता. त्याची चारही अक्षरं गुरू आहेत: विश्‌, वा, मित्‌, री. आठ मात्रा. घाईत त्यातलं एखादं अक्षर लघु होऊन जातं आणि नदीचं नाव चेंगरतं. नव्वदला ते अर्ध्या बारमध्ये पसरून बसलं. मराठीत दीर्घ स्वर आणि जोडाक्षरं भरपूर. इंग्रजी किंवा हिंदी रॅपचा वेग ऐकून आपण तोच घेतो आणि मग शब्दांची शेपटं तुटतात. मराठीत रॅप करणाऱ्या प्रत्येकाने आपली ओळ एकदा मात्रा मोजून बघावी असं मला मनापासून वाटतं. पोवाड्याच्या शाहिराला हे मोजून सांगावं लागत नाही, कारण त्याचा डफ त्याला सांगतो.

ही पहिली मोडतोड. तिच्यातून मला एक हत्यार मिळालं. नव्वदच्या लयीत ठोक्याचा चौथा भाग म्हणजे एक मात्रा, आणि एका मात्रेला बरोबर दोन चित्रं. लघुला दोन, गुरूला चार. मी वहीत प्रत्येक ओळीखाली खुणा केल्या आणि त्यानुसार जबडा हलवला. १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू झाली तेव्हा मौलाबक्षांनी गाणं कागदावर उतरवण्याची पद्धत बसवली होती. त्याच गावात बसून मी मगरीच्या तोंडाची लिपी लिहीत होते.

मगरीला ओठ नसतात. जीभही खालच्या जबड्याला चिकटलेली, ती बाहेर काढता येत नाही. माणसाच्या तोंडाचे आठ-दहा आकार करावे लागतात, इथे फक्त उघडणं आणि मिटणं. मग शेवटच्या ठोक्यावर तोंड मिटलं तर ओळ संपल्याचं दिसतं, आणि मराठीत तोंड मिटायला लावणारी अक्षरं म्हणजे प, फ, ब, भ, म. भाच्याने पहिल्या अंतऱ्याचा शेवट या कारणाने बदलला:

घर माझं गाळाचं, तुझं सिमेंटचं ठाम,
पूर आला तेव्हा फुटला दोघांनाही घाम.

आधीच्या ओळी "आहे" आणि "पाहे" वर संपत होत्या. त्या तोंड उघडं टाकून जायच्या. नव्या ओळी जास्त चांगल्या आहेत, आणि त्या सुचल्या त्या जबड्याच्या बिजागरीमुळे.

दुसरी मोडतोड भाषेची. भाच्याने मगर पुल्लिंगी लिहिली होती: "मी आलो पाण्यात." बडोद्यात गुजराती बातम्यांत मगर "आव्यो", "पकडायो". आमच्या घरातलं मराठीही त्या वळणाचं आहे. आम्ही झोपाळ्याला हिंचका म्हणतो आणि त्यात मला कधी काही गैर वाटलं नाही. माझे मोठे भाऊ गाणं ऐकून म्हणाले, "मराठीत मगर बाई असते रे." भाच्याला ती शिक्षकी टोचणी वाटली. मलाही आधी वाटलं, राहू दे, बडोद्याचं मराठी आहे.

पण चित्रांच्या टेबलावर प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या अंतऱ्यात मगर सोळा बार नुसती बोलते. तिने करायचं काय? मी मगरींबद्दल वाचत गेले. मादी काठावर अंडी घालते, पिल्लं पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर येतात, आणि आई त्यांना जबड्यात धरून पाण्याकडे नेते. म्हणजे ऑगस्टच्या पुरात शहरभर फिरणाऱ्या मगरींमागे काही आठवड्यांची पिल्लंही वाहून गेली असणार. मी एक्स-रेच्या उरलेल्या तुकड्यातून, हाताच्या बोटांच्या हाडांतून, बोटभर पिल्लू कापलं आणि जबड्यात ठेवून एक फोटो भाच्याला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा "आले" लिहून आला होता. त्याला एकच धास्ती होती: मुलगा बाईच्या तोंडचं म्हणतोय म्हणून मित्र काय म्हणतील. रॅपमध्ये "मी" म्हणजे म्हणणारा स्वतः, अशी समजूत पक्की असते. मी त्याला भारूड आठवायला सांगितलं. एकनाथांपासून पुरुष कीर्तनकार पदर घेऊन सासुरवाशीण होतो, वेडी होतो, जोगवा मागतो, आणि समोरचे लोक त्यात स्वतःला बघतात. आपल्याकडे दुसऱ्याच्या तोंडून बोलणं हे जुनं आणि मानाचं काम आहे. हुक मग असा झाला:

पाणी आलं घरात, मी आले पाण्यात,
सांगा बरं, कोण आलं कोणाच्या गावात?

आणि दुसऱ्या अंतऱ्यातल्या या दोन ओळी, ज्या पुल्लिंगी मगरीला कधीच सुचल्या नसत्या:

जबड्यात माझ्या पिल्लू, तुला वाटला घास,
पाणी उतरेपर्यंत मीही रोखलाय श्वास.

"घास" वर जबडा उघडा राहतो आणि पिल्लू दिसतं. "श्वास" वर आम्ही काहीच हलवलं नाही. एक पूर्ण बार, ३२ चित्रांची जागा, एकच फोटो. संपूर्ण चित्रफितीत माझी सगळ्यात आवडती जागा ती आहे, आणि ती करायला मला एक मिनिटही लागलं नाही.

बाकीचं थोडक्यात. पाणी पतंगाच्या मातकट कागदाचं. पहिल्या हुकला एक थर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, म्हणजे पाणी चढतं तसा उजेड आपोआप गढूळ होतो. बेस ड्रमचा, ८०८ नावाच्या जुन्या ड्रम-यंत्राच्या जातीचा घुमारा फोनच्या छोट्या स्पीकरवर नाहीसाच होत होता, कारण इतका खालचा आवाज ते स्पीकर काढू शकत नाहीत. मित्राने त्याला थोडा खरखरीतपणा दिला, त्यातून वरचे स्वर निघाले आणि कान खालचा स्वर स्वतःच भरून घेऊ लागला. जुन्या दरबारी गायकीच्या रेकॉर्डमधला तुकडा घ्यायचा विचार सोडून दिला. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो हे खरं, पण आज सहज हाती लागणारी प्रत कोणी, केव्हा, काय करून काढली आहे हे शोधत बसण्याइतका वेळ नव्हता. करकर आमची स्वतःची होती.

काय जमलं नाही, तेही लिहायला हवं. गाण्यातल्या पुलाचे आठ बार कमजोर आहेत. तिथे मी मगरीला नदीवरच्या खऱ्याखुऱ्या कालाघोडा पुलाखालून नेलं, तो पूल छान कापला, आणि त्या कौतुकात मगर फार लहान झाली. फोनच्या पडद्यावर ती ओळखूच येत नाही. मगर तोंड उघडं ठेवते ते अंगातली उष्णता घालवायला, यावरची "धमकी नव्हे, भाई" ही ओळ तिथेच येते आणि चित्र नसल्यामुळे वाया जाते. पुन्हा केलं तर ते आठ बार मी नुसत्या उघड्या जबड्यावर काढीन.

दादासाहेब फाळके तरुणपणी बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. पुढे त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चित्र घेत दाखवलं, तेव्हा महिनाभर ते एका कुंडीसमोर बसले होते. पहाटे तीनला मगरीचा पाय दोन मिलिमीटर सरकवताना मला त्या कुंडीचा आधार वाटायचा.

गाणं बाहेर टाकण्याच्या आदल्या रात्री दांडिया बाजारातल्या घरी चौकाच्या भिंतीवर ते पहिल्यांदा सगळ्यांना दाखवलं. मेहुणे हिंचक्यावर बसले होते. पहिल्या अंतऱ्यात मगर वळते आणि तिची पाठ पूर्ण पडदाभर येते. कणा, फासळ्या, वर सुरकुतलेली खवलं. ते उठून भिंतीपाशी गेले. भाच्याने गाणं थांबवलं. मेहुण्यांनी डावीकडच्या एका फासळीवर बोट ठेवलं. तरुणपणी सायकलवरून पडून मोडली होती, वाकडी जुळली होती, ती तिथे दिसत होती. मुलाला त्यांनी ती जागा दाखवली, मग परत येऊन बसले आणि म्हणाले, "पहिल्यापासून लाव."